कासवं सोडणारे काकाजी

"खाली बघून, भाऊ. जरा खाली बघून."

दुकानाच्या उंबऱ्याशी काकाजी हात आडवा करत आणि आत शिरणारा माणूस जागच्या जागी थांबे. उंबऱ्यावरून मुंग्यांची रांग चाललेली असे. ती जाईपर्यंत गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं. डोक्यावर ढेपेचं पोतं घेतलेल्या हमालालाही सवलत नव्हती. एकदा एक हमाल वैतागून म्हणाला, "काकाजी, मुंग्यास्ले सांगा ना. वजन मना डोकावर शे, त्यास्ना नही." काकाजी उठले, त्याच्याबरोबर पोत्याला हात लावला, दोघांनी ते खाली उतरवलं आणि मुंग्या गेल्यावर पुन्हा चढवलं. पोतं पन्नास किलोचं होतं. काकाजींचं स्वतःचं वजन त्याहून फार जास्त नव्हतं.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बाजार त्याला हसतो आणि हसता हसता जरा सांभाळून चालायला लागतो. काकाजींच्या दुकानासमोरून जाताना मीही नकळत खाली बघायला लागलो होतो.

माझा वजनकाटा त्यांच्या दुकानासमोर आहे. केळीचे, कापसाचे, मक्याचे ट्रक आधी भरलेले तोलायचे, मग रिकामे तोलायचे. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की माल निघतो. जळगावात हे एकच काम मी इतकी वर्षं करतो आहे. त्यामुळे कुठल्याही गोष्टीत आत काय आलं आणि बाहेर काय गेलं, हे बघायची मला खोड लागली आहे. काकाजींना ती ठाऊक होती. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "काटेवाले भाऊ" म्हणत.

त्यांचे पणजोबा राजस्थानातून इकडे आले. चार पिढ्या सरकी आणि ढेप, म्हणजे गुरांची पेंड, यांचा धंदा. घरात मारवाडी, आमच्याशी मराठी, आणि गुरांसाठी ढेप न्यायला आलेल्या शेतकऱ्याशी अहिराणी. "काय भो, म्हैस दूध देस का नुसती खास?" असं विचारलं की शेतकरी भावाची घासाघीस विसरून म्हशीची तक्रार सांगत बसे. काकाजी पाणी गाळल्याशिवाय पीत नसत. सूर्य मावळायच्या आत जेवण. संध्याकाळी दिव्याभोवती किडे जमले की दिवा बंद करून अंधारात बसत, आणि अंधारात आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणत, "या, या. दुकान चालू आहे."

कासवांचं प्रकरण कसं सुरू झालं ते मी पाहिलं आहे. तापीवर मासे धरणारा एक माणूस बाजारात पोतं घेऊन आला. पोत्यात ताटाएवढं कासव होतं. ते त्याला खाणावळीला विकायचं होतं. काकाजींनी ते विकत घेतलं, रिक्षात बसले, कासव मांडीवर घेऊन त्यावर पंचा टाकला. मी सोबत होतो. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.

"काकाजी, पंचामां काय शे?"

"पाहुणे आहेत."

"कोठला?"

"तापीकाठचे."

गावाला लागून असलेल्या तलावावर आम्ही उतरलो. काकाजींनी चपला काढल्या, कासव काठावर ठेवलं. ते सरळ पाण्यात गेलं आणि दिसेनासं झालं. काकाजी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता, तो मी नंतर त्यांच्या मुलांच्या लग्नातही पाहिला नाही.

बाजारात बातमी लपत नाही. काकाजी कासव घेतात हे चोपडा तालुक्यापर्यंत गेलं. तिकडून एक माणूस यायला लागला. त्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. बाजार त्याला पोतेवाला म्हणायचा. पहिल्यांदा तो एक कासव घेऊन आला, मग पोत्यात चार-पाच असायला लागली. त्यात पुढे वेगळी कासवं दिसू लागली, घुमटासारखी उंच पाठ आणि तिच्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. काकाजींना ती फार आवडत. माझ्या लहान काट्यावर ठेवून मी त्यांचं वजन सांगे आणि काकाजी ते ऐकून मान डोलावत, जणू नातवाचं वजन वाढलं आहे.

न राहवून मी एकदा बोललो.

"काकाजी, तुम्ही घेता म्हणून तो पकडतो."

"मी नाही घेतलं तर तो कापतो."

"पहिल्या वर्षी किती आली होती? या वर्षी किती आली?"

"म्हणजे जास्त जीव सुटले की नाही?"

या हिशेबात कुठे चूक आहे ते मला दिसत होतं. पण पोतं समोर हलत असताना ती दाखवता येत नसे. पोतेवाल्यालाही ते कळलेलं होतं. काकाजी जरा विचारात पडले की तो पोत्याला गाठ मारत म्हणे, "ऱ्हाऊ द्या मंग. तुम्ही नही लिधं ते आम्ही कापीसन खासूत." काकाजींचा हात लगेच पुढे येई.

हळूहळू तो सोहळाच झाला. काकाजींच्या आईच्या तिथीला तलावावर पंचवीस-तीस माणसं जमायला लागली. थोरला मुलगा दुकान बघतो, त्यानं मित्रांना घेऊन जीवदयेचं एक मंडळ काढलं. सतरंजी आली, पाण्याचे जार आले, फोटो काढणारा आला. काकाजींना फोटोची हौस नव्हती, पण मुलगा आपल्या वाटेनं चालतो आहे याचं त्यांना बरं वाटे. मला एकदा म्हणाले, "धंदा तर कोणीही शिकवतो, काटेवाले भाऊ. हे शिकवता आलं."

मग तो मे महिना आला.

पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला होता. दुपारी बाजार ओस पडलेला असताना पोतेवाला टेम्पोतून उतरला. पोतं नव्हतं. भाजीचा मोठा प्लास्टिकचा क्रेट होता आणि त्यावर गोणपाट. "हाई देखा, काकाजी. असं कधी देखं नही व्हई."

खरंच पाहिलं नव्हतं. काळपट तपकिरी पाठ, कडेला किंचित वर वळलेली. पुढचे पाय जाड खवल्यांचे. मागच्या मांड्यांवर काट्यांसारखे टोकदार खवले. माझ्या काट्यावर ते सतरा किलोच्या वर भरलं. मान बाहेर काढून ते आमच्याकडे बघत होतं आणि त्याच्या नाकपुड्यांशी फेस होता. सुरतेकडच्या कुठल्यातरी बंगल्यात होतं, ठेवणाऱ्यांना पकडले जायची धास्ती वाटली म्हणून त्यांनी काढून टाकलं, एवढं पोतेवाल्यानं सांगितलं.

काकाजींनी त्याच्याकडे पाहून हात जोडले. "हे तर साधू आहेत," म्हणाले. आईची तिथी दुसऱ्याच दिवशी होती. "योग बघा. उद्या सकाळी तलावावर." तोवर कासवाला गारवा मिळावा म्हणून त्यांनी मोठा टब पाण्यानं भरून त्यात ते ठेवलं.

धुळ्याला माझी भाची आहे, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मी सहज, कौतुकानं, तिला फोटो पाठवला. मिनिटाच्या आत तिचा फोन आला.

"मामा, हे कुठं आहे आत्ता?"

"काकाजींच्या दुकानात. टबात."

"टबात पाणी किती आहे?"

"पाठ बुडेल एवढं."

"बाहेर काढा. आधी बाहेर काढा, मग बोलू."

काकाजींनी आणि मी मिळून ते उचललं, फरशीवर ठेवलं. मी फोनचा आवाज मोठा केला. काकाजी फोनकडे वाकून बसले.

"बेटा, हे कुठलं आहे?"

"आसाम, नागालँड, तिकडच्या डोंगरातलं, काकाजी. दाट ओल्या जंगलातलं. झाडांखाली पानांचा थर असतो, त्यात राहतं. फार थोडी उरली आहेत. जगात जी कासवं संपायला आली आहेत, त्यांतलं हे एक. मी आजवर फोटोतच पाहिलंय."

"मग उद्या तलावात..."

"तलावात नको. ते जमिनीवरचं आहे. थोड्या पाण्यात बसतं, पण खोल पाण्यात बुडेल. आणि आपला उन्हाळाही त्याला सोसणार नाही. वनखात्याला कळवा. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं येते."

काकाजी फोनच्या आणखी जवळ सरकले. मग त्यांनी विचारलं, "आणि चांदण्यांवालं?"

"म्हणजे?"

"पाठीवर पिवळ्या चांदण्या असतात ते."

"ते पण जमिनीवरचंच. ते आपल्याकडच्या माळावर असतं. का?"

मीच "नंतर बोलतो" म्हणून फोन ठेवला.

काकाजी फरशीकडे बघत होते. म्हणाले, "ती परत फिरायची, काटेवाले भाऊ. तुम्ही पाहिलं आहे. पाण्यात ठेवलं की तोंड वळवून काठाकडे यायची. मी म्हणायचो, माणसांचा मोह सुटत नाही त्यांचा. आणि पुन्हा आत सोडायचो. हातानं."

मी पाहिलं होतं. सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि मोहाचं ऐकून सगळे हसलेही होते.

"अशी किती असतील?" त्यांनी विचारलं.

प्रत्येक कासव माझ्या काट्यावरून गेलेलं होतं. आकडा मला माहीत होता. "लक्षात नाही, काकाजी," मी म्हणालो. हिशेबाच्या बाबतीत माणसाशी खोटं बोलायची माझी ती पहिलीच वेळ, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

मी वनखात्याच्या कार्यालयात फोन केला, तिथल्या माणसानं नीट ऐकून घेतलं, सकाळी नऊला गाडी येईल असं सांगितलं. रात्रीपुरती सोय आम्हालाच करायची होती. केळीच्या ट्रकात घडांना मार लागू नये म्हणून पानं घालतात. ट्रक रिकामा होऊन आला की ती पानं माझ्या आवारात झाडली जातात, त्यांचा कायम ढीग असतो. आम्ही हातगाडीभर पानं काकाजींच्या मागच्या गोदामात नेली, पाणी शिंपडलं, कूलर लावला. काकाजी स्वतः खराटा घेऊन पानं पसरत होते. प्रत्येक पान आधी उलटून बघत, खाली कुणी आहे का.

कासव थोडा वेळ नुसतं बसलं. मग चालायला लागलं. भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत गेलं, तिथं वळलं, आणि मागच्या पायांनी पानं आपल्यामागे ओढायला लागलं. दोन पावलं पुढे, पानांचा झपाटा मागे. कोपऱ्यात ढीग वाढत गेला. मी भाचीला फोन केला. ती एकदम हळू बोलायला लागली, जणू कासवाला ऐकू जाईल.

"मादी आहे, मामा. अंडी घालायच्या आधी ती असा ढीग करते. आणि घातल्यावर त्याच्यावर बसून राखण करते. कासवांमध्ये असं फार थोडी करतात. बहुतेक घालतात आणि निघून जातात."

मी काकाजींना सांगितलं. ते रिकाम्या क्रेटवर बसले होते. दुपारपासून प्रथमच त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"म्हणजे बाळंतपणाला आली आहे," ते म्हणाले. "इतक्या लांबून. आमच्याकडे."

दिवस मावळायच्या सुमारास थोरला मुलगा आला. तो वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. बाजारात त्याचा शब्द चालतो, कुणाला फसवल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याला वनखात्याच्या गाडीबद्दल कळलं होतं आणि तो घाबरला होता.

"पप्पा, असलं जनावर ठेवणं गुन्हा आहे. गाडी येणार, पंचनामा होणार, कुठून आणलं विचारणार. पेपरात नाव येईल. उद्या सोडायचंच होतं ना? मग सोडून टाकू. विषय संपला."

"पाण्यात नाही सोडायचं."

"का?"

"ते पाण्यातलं नाही."

"कासव आहे, पप्पा." मुलगा हसला. "इतकी वर्षं तुम्हीच सोडलीत. मला बोट धरून नेलंत."

आता काकाजी सांगतील, असं मला वाटलं. दोन वाक्यं पुरली असती. पण ती सांगायची तर दुपारी जे कळलं होतं ते सगळं सांगावं लागलं असतं. आजीच्या नावानं, तिथीच्या दिवशी, हात जोडून आपण काय करत होतो ते. काकाजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी बोलायला लागलो तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मुलानं त्या गप्प राहण्याचा आपल्याला हवा तो अर्थ घेतला.

मी घरी गेलो.

सकाळी आठ वाजता काकाजी कलिंगडाच्या साली घेऊन गोदामात गेले. मी काटा उघडत होतो. ते बाहेर आले तेव्हा साली तशाच हातात होत्या. "आत नाही," एवढंच म्हणाले.

मुलगा आणि मंडळाचे तिघं पहाटेच तलावावर जाऊन आले होते. तो दुकानात आला तेव्हा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून आला. "पप्पा, आजीच्या नावानं केलं. तुमच्या अंगावर काही यायला नको म्हणून तुम्हाला उठवलं नाही," म्हणाला, आणि वडिलांच्या पाया पडला. वाकलेल्या मुलाच्या डोक्यावर काकाजींचा हात सवयीनं गेला. तो मध्येच थांबला आणि मग टेकला. हे मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. तेवढं पुरे होतं.

गाडी नऊला आली. सरकारी गाडी वेळेवर आल्याचा मला त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता. पाठोपाठ भाची आली, एसटी स्टँडवरून रिक्षानं, खांद्याला पिशवी, पिशवीत मोजपट्टी. गोदामात ती पानांच्या ढिगाशी उकिडवी बसली. ढीग गुडघ्याएवढा झाला होता. त्यात तिनं हात घातला, आत ओल होती. "रात्रभर काम केलंय हिनं," म्हणाली. मोजपट्टी पिशवीतच राहिली. आजवर ज्याची चित्रं दाखवून शिकवलं, ते बघायला ती पहाटे धुळ्याहून निघाली होती.

मच्छीमारांना बोलावलं, जाळी टाकली. जिथं सोडलं होतं त्या बाजूला दगडी पिचिंग आहे, काठाला बसवलेल्या दगडांचा उभा उतार. दुसऱ्या दिवशी दुपारी पिचिंगच्या दगडांशीच कासव सापडलं. पुढच्या पायांची नखं झिजलेली होती. ते कशानं झालं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जनावरांच्या डॉक्टरांनी उघडून पाहिलं. आत अंडी होती.

अधिकाऱ्यांनी विचारलं, पाण्यात कुणी सोडलं? थोरला मुलगा वडिलांच्या मागे उभा होता, चेहरा पांढरा पडलेला. तोवर त्याला त्या कासवाचं सगळं कळलं होतं. तो एक पाऊल पुढे आला असता, असं मला अजून वाटतं. निदान मी तसं धरून चालतो. काकाजींनी त्याला वेळच दिला नाही.

"मी सोडलं," ते म्हणाले. "सगळी मीच सोडली. आधीचीसुद्धा."

अधिकारी तरुण होता. समजूतदारही होता. "आधीचं मी विचारलेलं नाही, बाबा," म्हणाला.

"पण मी सांगतो आहे," काकाजी म्हणाले.

गुन्हा त्यांच्या नावावर नोंदला गेला. जन्मभर पाणी गाळून प्यायलेल्या माणसावर एक दुर्मिळ जनावर मारल्याची केस. बाजारानं आपलं काम केलं. समोर कुणी बोललं नाही. पण चहाच्या टपरीवर मी ऐकलं, "मुंग्यास्ले वाट आनि कासवले फाशी." लोक हसले. मी पेला ठेवून उठलो.

तारखांना मी त्यांच्याबरोबर जात असे. मुलगा गाडी द्यायचा, वकील द्यायचा, स्वतः बाहेर गाडीत बसायचा. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर काकाजी ताठ बसत. एकदा तिथं भिंतीकडेनं मुंग्या चालल्या होत्या. एक हवालदार फायली घेऊन भराभरा येत होता. काकाजींनी सवयीनं हात आडवा केला. "खाली बघून, साहेब."

हवालदार थांबला. मुंग्यांकडे पाहिलं, मग काकाजींकडे. "तुम्ही कासवाच्या केसमधले ना, बाबा?"

काकाजींनी हात मागे घेतला. हवालदार मुंग्यांवरून पाय उचलून, जपून पलीकडे गेला. खरं तर त्यानं चांगुलपणाच केला होता. पण त्या दिवसानंतर काकाजींनी कुणालाही उंबऱ्यावर थांबवलं नाही. हमाल सरळ आत येत. मुंग्यांचं जे व्हायचं ते होई. काकाजी गल्ल्यावर बसून बाहेर रस्त्याकडे बघत.

पोतेवाला एकदा आला. काकाजींनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळं समजावून सांगितलं. नदीतलं वेगळं, माळावरचं वेगळं, डोंगरातलं वेगळं. मुलाला सांगता आलं नाही ते त्याला सांगितलं. पोतेवाल्यानं शांतपणे ऐकलं.

"मंग आते लेवाव नही तुम्ही?"

"नाही. आणि तूही धरू नको. पुन्हा आलास तर वनखात्याला फोन करीन."

"बरं," तो म्हणाला आणि पोतं उचललं. पोतं हलत होतं. काकाजी माझ्याकडे वळले. "आता हे कुठं नेईल? बोला ना, काटेवाले भाऊ. तुम्हाला हिशेब येतो." घेऊ नका, असं मीच त्यांना सुचवलं होतं. आता त्यांनी घेतलं नव्हतं, आणि पोतं चौकाच्या दिशेनं चाललं होतं. काकाजींनी फोन उचलला, वनखात्याचा नंबर लावला. पण माणसं पोहोचेपर्यंत पोतेवाला गेला होता. त्यानंतर तो दुकानाकडे फिरकला नाही.

केस उभी राहायच्या आधीच काकाजी गेले. दिवाळीनंतरच्या थंडीत, दोन दिवसांच्या तापानं. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. वय झालंच होतं, मी नाही म्हणत नाही. आरोपी नाही म्हणून केसही संपली. मुलानं मला तो कागद दाखवला. त्याला बरं वाटत होतं की वडिलांच्या नावावरचा डाग गेला.

वर्ष झालं तेव्हा मला निरोप आला: काकाजींच्या स्मरणार्थ सकाळी तलावावर प्रार्थना आहे, अवश्य यावे. मी गेलो. मांडव होता. काकाजींचा मोठा फोटो होता, हार घातलेला. फोटोखाली "जीवदयेचा वसा" असं लिहिलेलं होतं. शंभरेक माणसं असतील. कुणीतरी ड्रोन उडवत होतं. प्रार्थना झाली, दोन भाषणं झाली. मग थोरला मुलगा माझ्याकडे आला. त्याचे डोळे ओले होते, आणि ते खरे ओले होते.

"भाऊ, तुम्ही पप्पांचे मित्र. पहिलं तुमच्या हातून."

मांडवामागे पोती होती. पोत्यांशेजारी तो पोतेवाला उभा होता. मला बघून त्यानं ओळखीचा हात केला. मंडळाच्या एका पोरीनं माझ्या ओंजळीत कासव ठेवलं. पाठीवर पिवळ्या चांदण्या. फार तर दीड किलोचं.

मी मुलाला म्हणालो, "हे पाण्यातलं नाही रे. तुला माहीत आहे."

"पाण्यातलं नव्हतं ते मोठंवालं, भाऊ. ते जंगलातलं होतं," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "ही तर पप्पा नेहमी सोडायचे तीच आहेत."

फोटो काढणारा पायऱ्यांवर बसून माझी वाट बघत होता. लोकांनी मला वाट करून दिली. मी खिशातून फोन काढून वनखात्याला लावला. तिकडून विचारलं किती आहेत, मी म्हणालो पोती आहेत. गाडी निघते म्हणाले, अर्धा तास लागेल. माझ्यामागे पोत्यांची तोंडं सोडायला सुरुवात झाली होती.

कासव छातीशी धरून मी वळलो आणि माळाकडे चालायला लागलो. त्याचे चारही पाय माझ्या शर्टावर चालत होते. माझ्या हातात एकच होतं.

मागून मुलाचा आवाज आला, अगदी अदबीनं.

"भाऊ, तलाव इकडे आहे."